हृदय थांबेपर्यंत

अ‍ॅम्ब्युलन्सवर लागण्याआधी ताईनं सहा वर्षं एका बेकरीत पीठ मळलं होतं. रोजची दोन पोती. त्या सहा वर्षांत तिचे दंड असे तयार झाले की नवरा म्हणायचा, "भांडण सुरू व्हायच्या आधीच मी माफी मागून मोकळा होतो, उगाच परीक्षा कशाला बघायची." पुढे बेकरीला टाळं लागलं, आणि त्याच महिन्यात सरकारी दवाखान्याला अ‍ॅम्ब्युलन्सवर बायका हव्या आहेत असं तिच्या कानावर आलं. दहा महिन्यांचं शिक्षण घेऊन एकतिसाव्या वर्षी तिनं निळा शर्ट अंगावर चढवला. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती, आणि तिला नावानं हाक मारणारं दवाखान्यात कोणी उरलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची ती ताई.

गाडी चालवायचे मामा. हे मामा नात्यानं कोणाचेच मामा नव्हते, त्यांना बहीणच नव्हती. साठीला टेकलेला माणूस, पण गर्दीतून गाडी अशी काढायचा की मागे उभ्या ताईच्या हातातलं सलाईन हलायचं नाही.

ताईचं नाव झालं होतं ते छातीवरच्या दाबासाठी. बंद पडलेलं हृदय सुरू करायचं तर छातीच्या मधोमध दोन्ही हात रोवून मिनिटाला शंभराच्या वर दाब द्यावे लागतात, आणि भले भले गडी तिसऱ्या मिनिटाला धापा टाकतात. ताई बारा-बारा मिनिटं थांबायची नाही. पंधरा वर्षांत अकरा जण तिच्या हाताखालून उठून आपल्या पायांनी घरी गेले होते. त्यातला एक कोपऱ्यावरचा दुकानदार होता. ती साबण घ्यायला गेली की तो एकावर एक वडी फुकट द्यायला बघायचा, आणि ती पैसे गल्ल्यावर आपटून निघून यायची. मनातून मात्र तिला बरं वाटायचं. कोणाला नाही वाटणार?

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कंट्रोल रूमचा निरोप आला. तिसऱ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई, श्वास घेत नाहीत. दार उघडलं ते बाईंच्या यजमानांनी. चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते. चष्मा हातात धरून उभे, जणू तो कुठे ठेवायचा हेच त्यांना आठवत नव्हतं. आत पलंगावर बाई होत्या, अगदी चिमणीएवढ्या. कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला. ताईनं त्यांना उचलून जमिनीवर घेतलं आणि हात रोवले.

पाचव्या-सहाव्या दाबाला हाताखाली बरगडी मोडल्याचं तिला कळलं. असं होतं, शिकवतानाच सांगतात. ती थांबली नाही. मागून मास्तर काहीतरी म्हणत होते. "अहो ताई... अहो, जरा थांबा..." दोनदा म्हणाले. घाबरलेली माणसं काहीही बोलतात, अशा वेळी कान बंद ठेवायचे असतात. आठव्या मिनिटाला नाडी लागली. मामा म्हणाले, "शाब्बास गं बाई."

त्या बाई नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. घशातली नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधले होते. दहाव्या दिवशी ताई वर बघायला गेली तेव्हा खाट रिकामी होती, आणि मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते.

"बसा," ते म्हणाले. ती बसली.

"तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही तुमचं काम केलंत. पण तिचा कागद होता हो. तिनंच बसून केला होता, शुद्धीत असताना, डॉक्टरांच्या सहीनं. हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायचा खटाटोप करू नका म्हणून. कपाटात होता, कपड्यांच्या खाली. आणि ती थांबली तेव्हा मीच घाबरलो आणि फोन लावला." त्यांनी चष्मा पुसला. "नऊ दिवस तिच्या उशाशी होतो. तिला एक शब्द बोलता आला नाही. पन्नास वर्षं बडबडत होती, बघा."

ताईनं त्यांचा हात धरला. एक माणूस घरी परत पाठवल्याचा आनंद वर्षभर पुरायचा. हे एकच ओझं दिवसभरसुद्धा पेलवेना. घरी गेल्यावर तिनं वाढलेलं ताट तसंच ठेवलं. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "आज मी कोणाला तरी वाचवलं, आणि ते चुकलं." तो तिच्या ताटाजवळ नुसता बसून राहिला.

आठवडाभरानं ती दवाखान्याच्या मागच्या टोकाला गेली. तिथे धोबीखान्याला लागून एक खोली होती. ज्यांचा आजार बरा होणारा नाही त्यांचं दुखणं तरी कमी व्हावं म्हणून तिथे एक डॉक्टरीणबाई बसायच्या. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत असायची, त्यामुळे बाईंना मोठ्यानं बोलायची सवय लागली होती.

ताईनं विचारलं, "असे कागद किती जणांकडे आहेत?"

"मी करून दिलेले चाळीसेक असतील."

"आणि ते असतात कुठे?"

"कपाटात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोक फार जपून ठेवतात."

"जपून ठेवलेला कागद माझ्या काय कामाचा, बाई? मी दारातून आत शिरते तेव्हा माझ्याकडे मिनिटसुद्धा नसतं. मी काय लोकांची कपाटं उघडत बसू?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता, कारण अ‍ॅम्ब्युलन्सवरचं माणूस त्या खोलीत कधी फिरकलंच नव्हतं. त्या दिवशी दोघी तासभर बोलल्या, आणि निघताना ठरलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही म्हणून दोघींना लाज वाटली. कागद नारिंगी प्लास्टिकच्या पाकिटात घालायचा आणि फ्रीजच्या दारावर चिकटवायचा. फ्रीज घरोघरी असतो आणि तो शोधावा लागत नाही. आणि फोन आला की कंट्रोल रूमनं एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: घरात नारिंगी पाकीट आहे का?

साधं सुचलं म्हणून साधेपणानं झालं असं मात्र नाही. कंट्रोल रूमच्या साहेबांनी हात वर केले. "ताई, उद्या कोणी म्हणालं, अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि नुसती बघत उभी राहिली, तर? तुम्ही जाणार घरी, आणि मी जाणार कोर्टात." आठ महिन्यांत तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला ताईनं मास्तरांना बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, आणि नऊ दिवसांचं जे ताईला सांगितलं होतं तेच त्यांनी साहेबांना सांगितलं, आवाज न चढवता. सांगून झाल्यावर साहेबांनी समोरचा पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पाकिटं नारिंगीच हवीत का? आमच्या स्टोअरमध्ये हिरवी पडली आहेत."

"नारिंगीच," ताई म्हणाली.

पाकिटं लावायला डॉक्टरीणबाईंबरोबर ती सुट्टीच्या दिवशी स्वतः जायची. अशीच एके दिवशी ती चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टकाकांकडे पोहोचली, जिने चढून, कारण लिफ्ट बंद होती.

लिफ्टकाकांनी पस्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांना तारेच्या आवाजावरून ओळखू यायच्या. स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र महिन्यातून चारदा रुसायची. दिव्याखाली अंधार. वय त्रेसष्ट, फुप्फुसाचा कॅन्सर, उपचार होते ते सगळे करून झालेले. खिडकीशी खुर्चीत बसलेले होते, अंगावर स्वेटर, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि जीभ शाबूत.

"या, या. चढून आलात? मी असतो तर दहा मिनिटांत चालू केली असती. हे आत्ताचे लोक नुसतं सगळं बदलतात. जरा खट झालं की नवीन बोर्ड." मग ताईच्या हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणाले, "हं, माझं तिकीट आणलंत वाटतं."

काकूंनी तोंड फिरवलं आणि त्या आत निघून गेल्या. ताई त्यांच्या मागे गेली. काकू फ्रीजसमोर उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून, जणू त्याला कोणी उचलून नेणार होतं.

"इथे नका लावू," त्या म्हणाल्या. "मी दिवसातून वीस वेळा हे दार उघडते. वीस वेळा मला वाटणार की मी यांना मारायला सही दिली."

"सही काकांची आहे, काकू. तुम्ही साक्षीदार आहात."

"तेच ते."

ताईनं घाई केली नाही. बाजूचं स्टूल ओढून बसली, आणि मास्तरांच्या बायकोची गोष्ट तिनं काकूंना सांगितली, बरगडीसकट. स्वतःच्या तोंडानं ती गोष्ट तिनं तेव्हा पहिल्यांदाच सांगितली. काकू ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि दारावर लावलं, पण वरच्या कोपऱ्यात नाही, खाली, गुडघ्याच्या उंचीला. "इथे दिसेल ना तुम्हाला? मला दिसणार नाही."

बाहेर काकांची मुलगी बसली होती. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की यायची. तिनं कागद दहा वेळा वाचला होता. "बाबांची इच्छा म्हणजे इच्छा," ती म्हणाली. "आता त्यांना कोणी हात लावायचा नाही." ताईला त्या बोलण्यात काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच ध्यानात आलं नाही. तिनं निरोप घेतला.

त्यानंतर दीड महिन्यानं, एका गुरुवारी दुपारी बाराला, कंट्रोल रूमचा आवाज आला. "पाकीट आहे म्हणतात. श्वासाचा त्रास." पत्ता ऐकून मामांनी ताईकडे बघितलं आणि गिअर टाकला.

दार उघडंच होतं. ऑफिसमधून धावत आलेली मुलगी दारात आडवी उभी होती, नारिंगी पाकीट छातीशी धरून. डोळे लाल. "ताई, दवाखान्यात न्यायचं नाही. ठरलंय आमचं. फक्त त्यांचा त्रास कमी होईल असं काहीतरी द्या, आणि त्यांना शांतपणे जाऊ द्या."

ताई तिच्या बाजूनं आत शिरली. काका पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळे पडलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. प्रत्येक श्वास अर्ध्यावरून परत येत होता. पण डोळे टक्क उघडे होते, आणि ते ताईवर येऊन थांबले. बोटाला लावलेल्या यंत्रानं रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर दाखवला, नव्वदीच्या वर हवा तो. ताईनं ऑक्सिजन वाढवला, पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. डाव्या बाजूला हवा खेळत होती. उजवी बाजू खालपासून वरपर्यंत मुकी.

पाणी. फुप्फुसाभोवती पाणी साचलं की असंच होतं, आणि ते पाणी सुईनं काढता येतं.

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "काका, बोलू नका, नुसतं ऐका. मला वाटतंय आत पाणी झालंय. दवाखान्यात ते काढतील, मोकळं वाटेल. आजार बरा होणार नाही, पण हा त्रास जाईल. न्यायचं का? न्यायचं असेल तर माझं बोट दाबा."

त्यांनी तिचं बोट असं दाबलं की पस्तीस वर्षं पाना फिरवलेला हात काय असतो ते तिला कळलं.

"पण कागद!" मुलगी ओरडली.

"वाचा," ताई म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मुलीनं कागद बाहेर काढला. "माझं हृदय किंवा श्वास थांबल्यास..."

"थांबलंय?"

"नाही."

"मग? थांबेपर्यंत माणूस जिवंत आहे ना? जिवंत माणसावर उपचार करायचे नाहीत असं कुठे लिहिलंय यात?"

मुलीनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग ती खुर्ची आणायला धावली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नव्हतं. काकांना खुर्चीवर बसवून न्यायचं ठरलं. लिफ्ट त्या दिवशी चालू होती. मामा म्हणाले, "मालक बसणार म्हटल्यावर कसली बंद पडते."

दवाखान्यात अपघात विभागात तो दिवस म्हणजे बाजार होता. दोन खाटांवर तीन पेशंट. एक तरुण डॉक्टर, सकाळपासून पाणीही न प्यालेला, काकांपाशी आला, पायाशी ठेवलेलं नारिंगी पाकीट त्यानं बघितलं, आणि त्याचा चेहराच सैल पडला, काम कमी झाल्यावर पडतो तसा.

"ह्यांचं काही करायचं नाहीये ना? त्या कोपऱ्यातल्या खाटेवर घ्या. मी बघतो नंतर."

पंधरा वर्षांत ताईनं कुठल्या डॉक्टरपुढे आवाज चढवला नव्हता. आपण पेशंट आणायचा, सांगायचं आणि निघायचं, हे तिनं पाळलं होतं. आज ती खाट आणि कोपरा यांच्या मधे उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, काय करायचं नाही ते यात लिहिलंय. एकच गोष्ट आहे. बाकी सगळं करायचंय. उजव्या बाजूला हवा जात नाहीये, पाणी असणार. ते शुद्धीत आहेत आणि त्यांनी मला यायचं म्हणून सांगितलंय."

"पण मग हा कागद कशाला..."

"हृदय थांबल्यावर वाचायला. ते थांबलं की मीसुद्धा हात लावणार नाही. आत्ता तुम्ही लावा."

तरुण डॉक्टर लाल झाला. क्षणभर वाटलं, आता हा फटकारणार. पण त्यानं गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला, काकांची पाठ ऐकली, आणि दुसऱ्यांदा ऐकली. मग नर्सला हाक मारून म्हणाला, "सोनोग्राफीचं मशीन इकडे. आणि मागच्या खोलीतल्या मॅडमना फोन लावा."

डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेल्या होत्या, त्या घरच्या चपलांतच आल्या. श्वासाची तगमग शांत करायला त्यांनी मॉर्फीनचा लहानसा डोस दिला, तोंडावर वारा लागेल असा पंखा लावून घेतला, आणि तरुण डॉक्टरनं पाठीतून सुई घालून पाणी काढलं. गवताच्या रंगाचं, दीड लिटर. काकांचे खांदे हळूहळू खाली आले. संध्याकाळी ताई ड्युटी संपवून बघायला गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

"दीड लिटर!" ते म्हणाले. "आमच्या इमारतीच्या टाकीत एवढं येत नाही."

काकू रडता रडता हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ताईच्या दंडावर एक चापट मारली. का मारली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी काका घरी गेले. पाणी पुन्हा साचणार होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बरगडीशी एक बारीक नळी बसवून दिली. दोन दिवसांआड ती बाटलीला जोडायची, घरच्या घरी पाणी निघायचं. ताईनं काकूंना आणि मुलीला ते शिकवलं. हात कसे धुवायचे, कुठे बोट लावायचं नाही, किती झालं की बंद करायचं. मुलगी जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथेच थांबली.

"त्या दिवशी मी त्यांना घालवलंच असतं, ताई."

"तुम्ही त्यांच्या शब्दाला जागत होतात. शब्द नीट समजून सांगायचं काम आमचं होतं. मी पाकीट लावून गेले, आणि तुम्ही 'हात लावायचा नाही' म्हणालात तेव्हा खटकूनही मी गप्प बसले. चूक असलीच तर माझी अर्धी धरा."

त्या दिवसापासून ताई पाकीट लावताना घरातल्या प्रत्येकाकडून तो कागद मोठ्यानं वाचून घेऊ लागली, आणि वाचून झाल्यावर विचारू लागली, "दुखायला लागलं तर? धाप लागली तर? पडून हाड मोडलं तर?" प्रत्येकाला उत्तर एकच द्यावं लागायचं, "फोन करायचा." ते तोंडातून येईपर्यंत ती उठायची नाही.

लिफ्टकाकांना चौदा आठवडे मिळाले. त्या चौदा आठवड्यांत त्यांनी काय केलं म्हणाल, तर बायकोला स्कूटर शिकवली.

काकू एकोणसाठ वर्षांच्या. आयुष्यभर नवऱ्याच्या मागे बसून फिरलेल्या. काकांची स्कूटर खाली ताडपत्रीखाली उभी होती, आणि एके सकाळी ते म्हणाले, "अगं, मी गेल्यावर तू काय रिक्षावाल्यांची मनधरणी करत बसणार?"

"भलतंसलतं बोलू नका."

"भलतंसलतं काय त्यात? जाणार तर आहेच. तू बसून राहणार का, ते बोल."

रोज सकाळी नऊला काका लिफ्टनं खाली यायचे, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. ओरडायला दम नव्हता, म्हणून मांडीवर स्टीलची ताटली आणि हातात चमचा. एक ठोका म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे वळ, आणि खण-खण-खण म्हणजे तुला काही दिसतंय की नाही. सगळी इमारत गॅलरीत. पहिल्या आठवड्यात काकू थेट मेंदीच्या कुंपणात घुसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वाजवा आता, वाजवा!" काका इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि उबळ ओसरल्यावर पुन्हा हसले.

ताई आणि मामा त्या बाजूला गेले की गाडीचा वेग कमी करून बघून घ्यायचे. चौथ्या आठवड्यात काकू फाटकाबाहेर पडल्या. सातव्या आठवड्यात त्या औषधं आणायला दवाखान्यात स्कूटरवर आल्या, डोक्याला हेल्मेट, आणि ते काढायचं कसं हे न समजून तशाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या.

चौदाव्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी साडेचारला फोन आला. लावला होता शेजाऱ्यानं, घाबरून. कंट्रोल रूमनं प्रश्न विचारला. शेजाऱ्यानं पळत जाऊन बघितलं. हो, आहे, फ्रीजवर, खाली. मामांनी सायरन लावला नाही, पण गाडी वेगानं काढली.

काका पलंगावर होते. श्वास येत होता, मग बराच वेळ येत नव्हता, मग पुन्हा एखादा. काकू एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला. ताईनं मनगट धरलं. नाडी दोऱ्यासारखी होती.

"अहो, करा ना काहीतरी!" शेजारी दारातून म्हणाला.

ताईनं केलं. उशी सारखी करून मान वर घेतली. कोरडे ओठ ओल्या कापसानं पुसले. डॉक्टरीणबाईंनी घरी ठेवलेल्या औषधाचे थेंब जिभेखाली सोडले, म्हणजे घशात घरघर होऊ नये. खिडकी उघडली. मग काकूंना म्हणाली, "बोला त्यांच्याशी. ऐकू येत असतं."

काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज मोठ्या रस्त्यानं गेले होते. त्या चौकातून. मागून बस आली, हॉर्न वाजवत होती, मी नाही सोडली वाट. ऐकताय ना?" आणि त्या सांगत राहिल्या: कुठे वळल्या, कुठे थांबल्या, पेट्रोल किती उरलंय. मुलीनं बाबांच्या पायांवर हात ठेवला होता.

एक श्वास आला, आणि पुढचा आला नाही.

ताईचे दोन्ही हात आपोआप वर उचलले गेले. पंधरा वर्षांची सवय, दंडात भिनलेली. तिनं ते आवरले आणि काकांच्या मनगटावर ठेवले. घड्याळाकडे बघत तिनं पूर्ण दोन मिनिटं मोजली. खोलीत काकूंचाच आवाज चालू होता. मग तोही थांबला.

"झालं?" मुलीनं विचारलं.

"झालं," ताई म्हणाली. "त्रास झाला नाही त्यांना."

मामांनी दारातच टोपी काढली होती. डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास दोघं तिथेच थांबले. कंट्रोल रूमनं विचारलं, गाडी मोकळी आहे का. मामा म्हणाले, "नाही. कामात आहे." शेजाऱ्यानं चहा करून आणला, आणि त्यानं आधी कप काकूंना दिला तेव्हा ताईला वाटलं, शेजार आहे, हे घर सावरेल. परतताना गाडीत ती रडली. मास्तरांच्या बायकोनंतर रडली होती तशी नाही. या रडण्यानं तिला हलकं वाटलं.

आता शहरात दोनशेच्या वर घरांत नारिंगी पाकिटं आहेत. तो तरुण डॉक्टर नव्या मुलांना शिकवतो, आणि पहिल्या तासाला स्वतःचीच फजिती सांगतो, "मी एका जिवंत माणसाला कोपऱ्यात ठेवायला निघालो होतो." अ‍ॅम्ब्युलन्सवर नवीन लागणाऱ्यांचे दोन तास ताई घेते. पहिल्यांदा फळ्यासमोर उभं राहताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता तिला थांबवावं लागतं.

गेल्या महिन्यात ती आईकडे गेली होती. आई अठ्ठ्याहत्तरची, ठणठणीत, अजून बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवणारी. गेलं वर्षभर लोकांच्या घरी जाऊन हा विषय काढणाऱ्या ताईला आईपुढे तो काढायला दोन दिवस लागले. शेवटी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मला हवं ते लिहायचं?"

"तुला हवं ते."

"मग लिही. मला सगळं करायचं. छाती दाबायची, सुया टोचायच्या, काय असेल ते. एकदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा करायचं. मी काही एवढ्यात जात नाही."

"आई, आणि पुढे कधी तुला वाटलं, की आता पुरे..."

"तेव्हा मी सांगेन. तोंड आहे मला. तू विचारत राहा म्हणजे झालं."

ताई हसली. "बरं बाई. तसंच लिहिते," ती म्हणाली, आणि हात पुसून पिशवीत पेन शोधू लागली.